आठव्या नंबरचं नाव

आर्डमोर, पेनसिल्व्हेनिया
६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं आता होत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. मागच्या रविवारी तू तीनदा ‘काय म्हणालीस?’ विचारलंस, मी तीनदा मोठ्याने सांगितलं, आणि शेवटी ‘बरं, बरं’ म्हणून तू फोन दादाच्या हातात दिलास. तुझं ते ‘बरं’ मला ओळखता येतं. काहीच ऐकू न आल्यावरचं आहे ते.

मग दादाने सांगितलं की तू शिकवणी बंद करणार आहेस. दिवाळीनंतर येऊ नका, असं मुलींना सांगूनही टाकलंस. मागे बसलेल्या मुली काय विचारतात ते कळत नाही, परत परत विचारावं लागतं, आणि एक दिवस दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. तू खडू खाली ठेवलास आणि आत निघून गेलीस, म्हणाला. आत्या, तुला मी खडू खाली ठेवून आत गेलेली कधी पाहिलेलं नाही. पडवीतला फळा, त्याला दर मे महिन्यात तू स्वतः देतेस तो काळा रंग, पायरीवर ओळीने काढलेल्या चपला, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण फोनवर हे बोलायचं कसं? ओरडून सांगण्यासारखी ही गोष्टच नाही.

काल शनिवार होता. मी ब्रिन मॉरला जाऊन आले. आमच्या आर्डमोरहून लोकलने दुसरंच स्टेशन, मधे फक्त हॅवरफर्ड लागतं. नाव वेल्श भाषेतलं आहे, अर्थ मोठी टेकडी. तिथे मुलींचं जुनं कॉलेज आहे. दगडी इमारती, घड्याळाचा मनोरा, आणि या दिवसांत झाडं अशी लाल-पिवळी झालेली की चालताना वर बघूनच चालावं. सहा वर्षं इतक्या जवळ राहते, रोज त्याच लाइनवरून कामाला जाते, आणि कधी उतरले नव्हते.

गेले होते एमी नोएथरसाठी. निसर्गातली प्रत्येक सलग सममिती कुठली तरी एक राशी अक्षय्य ठेवते, हे १९१८ साली मांडणारी ती जर्मन गणिती. मी बीएस्सीला असताना सुट्टीत येऊन तुला ते प्रमेय सांगितलं होतं आणि तू भाकरी थापता थापता थांबली होतीस, आठवतं? ती ज्यू होती. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने तिला गटिंगेनच्या विद्यापीठातून काढलं. तेव्हा या ब्रिन मॉरने तिला बोलावून घेतलं. इथे ती दीड-पावणेदोन वर्षंच राहिली, १९३५च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेनंतर गेली. वय त्रेपन्न. कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयाच्या मधोमध चौक आहे, चारी बाजूंनी कमानींची ओसरी. त्या ओसरीतल्या फरशीखाली तिची रक्षा आहे. दगड अगदी लहान. त्यावर आद्याक्षरं आणि १८८२–१९३५, एवढंच. येणारे-जाणारे त्याच्यावरून चालत जातात. मी वाकून हात लावला आणि बाजूच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिले.

बसल्या बसल्या मनात आलं, एवढ्या मोठ्या अमेरिकेत तिला जागा दिली ती याच छोट्या कॉलेजने का? रॉकफेलर फाउंडेशनने पगाराला हातभार लावला, ते खरं. पण एका बाईच्या हाताखाली चाललेला, संशोधन करणारा, मुलींना डॉक्टरेट देणारा गणित विभाग आधी असायला हवा ना? तो इथे होता. १९३३ साली त्याच्या प्रमुख ॲना पेल व्हीलर होत्या. आणि त्यांच्याआधी, कॉलेज उघडल्या दिवसापासून जवळजवळ चाळीस वर्षं, शार्लट अँगस स्कॉट.

हे नाव मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. आता ग्रंथालयातून त्यांच्याबद्दलचं मिळेल ते आणून वाचलंय. कालपासून दुसरं काही सुचत नाहीये. सगळं तुला सांगायचंय.

शार्लट १८५८ साली इंग्लंडमध्ये लिंकनला जन्मली. सात भावंडांतली दुसरी. वडील धर्मोपदेशक, पुढे मँचेस्टरजवळच्या एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. मुलींसाठी धड माध्यमिक शाळा नव्हत्या त्या काळी. वडिलांनी घरीच शिक्षक ठेवले. अठराव्या वर्षी तिला केंब्रिजजवळच्या गिर्टन कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. मुलींचं हे कॉलेज सुरू होऊन जेमतेम सात वर्षं झाली होती, आणि ते मुद्दाम गावापासून लांब बांधलेलं, म्हणजे मुलग्यांच्या वाऱ्याला मुली उभ्या राहायला नकोत.

आता रँग्लर म्हणजे काय, ते मी तुला काय सांगणार! तूच मला सांगितलंस. मुर्डीचे रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झाले, आणि तो शब्द त्यांच्या आडनावाच्या आधी कायमचा जाऊन बसला. कोकणातल्या त्या एका मुलामुळे महाराष्ट्रात घरोघरी हा शब्द पोचला. पण त्यांच्या एकोणीस वर्षं आधी त्याच परीक्षेला, ट्रायपॉसला, शार्लट बसली होती. १८८०चा जानेवारी. नऊ दिवस, मिळून पन्नास तासांहून जास्त पेपर. मुलींना ही परीक्षा खुली नव्हती, खास परवानगी काढून ती बसली. परवानगी फक्त पेपर लिहिण्याची. यादीत नाव लागणार नाही, पदवी मिळणार नाही, निकाल वाचून दाखवतात त्या समारंभाला हजरही राहायचं नाही.

ती आठवी आली. सगळ्या मुलग्यांत मिळून आठवी.

निकालाच्या दिवशी सेनेट हाउसमध्ये क्रमाने नावं वाचत गेले. सात नावं झाली. आठव्या नंबरचं नाव अधिकाऱ्यांनी उच्चारलं मात्र, तिथे जमलेले विद्यार्थी एकदम ओरडायला लागले, ‘गिर्टनची स्कॉट! गिर्टनची स्कॉट!’ टोप्या हवेत उडवल्या. ज्या मुलग्याचं नाव वाचलं जात होतं ते त्या आरड्याओरड्यात कुणाला ऐकूच गेलं नाही. आत्या, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ओरडणारी सगळी विशी-बाविशीची मुलं होती, तिच्याशी परीक्षेत स्पर्धा केलेली. विद्यापीठाने गाळलेलं नाव त्यांनी पुकारलं. आणि जिच्या नावाचा गजर झाला ती तिथे नव्हती. गावाबाहेर गिर्टनमध्ये बसली होती. रात्री तिथल्या मुलींनी तिला जेवणघरात मिरवत नेलं आणि डोक्यावर पर्णमुकुट घातला.

मला तुझं आठवलं. मी आठवीत असेन. दहावीच्या मुलींना तू वर्षभर सकाळी सहाला बोलावून भूमिती शिकवलीस आणि त्या वर्षी शाळेचा गणिताचा निकाल सगळ्यांत वर गेला. शाळेच्या अहवालात मात्र नाव छापलं ते ज्यांच्याकडे कागदोपत्री तो वर्ग होता त्या सरांचं. तू घरी आलीस, अहवाल कपाटावर ठेवलास आणि दळण आणायला गेलीस. एक अक्षर बोलली नाहीस. मी रागाने धुमसत होते, आणि तू म्हणालीस, ‘मुलींना येतंय ना?’ ते वाक्य मला तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगू, आजही पूर्ण पटत नाही. नाव लागायला हवं होतं.

शार्लटचं नाव लागलं नाही म्हणून इंग्लंडभर चर्चा झाली. न्यूकॅसलच्या एका प्राध्यापकांनी आणि त्यांच्या पत्नीने, ऑल्डिस पती-पत्नींनी, मुलींना हक्काने परीक्षेला बसू द्या म्हणून अर्ज तयार केला आणि आठ हजारांवर सह्या जमवल्या. २४ फेब्रुवारी १८८१ला केंब्रिजने ते मान्य केलं. मुलींनी परीक्षा द्यावी, नावं छापली जातील, पण वेगळ्या यादीत. त्याच वाटेने पुढे १८९० साली फिलिपा फॉसेट ही मुलगी पहिल्या आलेल्या मुलग्याच्याही वर गेली. तरी पदवी नाहीच. १८९७ साली पदवीसाठी मतदान झालं तेव्हा सतराशेच्या वर पदवीधरांनी विरोधात मत दिलं, आणि सेनेट हाउससमोर सायकलवर बसवलेल्या बाईचं बुजगावणं टांगलं होतं. केंब्रिजने बायकांना पदव्या दिल्या १९४८ साली. आपण स्वतंत्र झालो त्याच्या पुढच्या वर्षी! शार्लट तोवर जाऊन सतरा वर्षं झाली होती. तिने लंडन विद्यापीठाची बाहेरून परीक्षा दिली, १८८२ला बीएस्सी, १८८५ला डीएस्सी, दोन्ही पहिल्या वर्गात. केंब्रिजमध्ये आर्थर केली यांच्या व्याख्यानांना बसून संशोधन केलं. आपण ज्याला मॅट्रिक्स म्हणतो त्याचं बीजगणित उभं करणारे ते केली. त्यांनी शिफारस केली आणि १८८५ साली, सत्तावीस वर्षांची असताना, ती बोटीने अमेरिकेला आली. ब्रिन मॉर कॉलेज त्याच वर्षी सुरू होत होतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका डॉक्टरने ठेवलेल्या पैशांतून उभं राहिलेलं. गणिताला शिक्षक एकच, ही.

१८८५ म्हटल्यावर तुझ्याही मनात तेच आलं असेल. त्याच हिवाळ्यात ब्रिन मॉरहून दहाएक मैलांवर, फिलाडेल्फियाच्या मुलींच्या मेडिकल कॉलेजात आपली आनंदीबाई जोशी शेवटच्या वर्षाला होती. नऊवारी नेसून, थंडीने गारठत, शाकाहारी जेवणावर दिवस काढत. ११ मार्च १८८६ला ती डॉक्टर झाली, आणि तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. एकीकडे आपल्याकडच्या या दोघी, आणि लोकलच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या तुकडीच्या मुलींना फळ्यावर वक्र काढून दाखवणारी शार्लट. आनंदीबाई वर्षभरात पुण्यात वारली. तिची रक्षा इथे न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आहे, हे तुला माहीत आहेच. त्याच पोकीप्सीत व्हासर कॉलेज आहे, तेव्हा ते मुलींचं होतं, आणि तिथे गणित शिकवायला पुढे शार्लटच्याच दोन शिष्या गेल्या, रूथ जेंट्री आणि लुईस कमिंग्ज. नकाशावर बोट ठेवून बघत बसले मी काल रात्री.

आता पुढे मी स्कॉटबाईच म्हणते. तुला सगळं गाव बाई म्हणतं तसं.

या स्कॉटबाईंना गिर्टनमध्ये विद्यार्थिनी असतानाच ऐकायला कमी येऊ लागलं होतं. अमेरिकेत आल्यावर वाढतच गेलं. मधल्या वयापर्यंत त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आणि त्या शिकवत राहिल्या. एक-दोन वर्षं नाही गं, चाळीस वर्षं. कानातली यंत्रं तेव्हा कुठे होती? तुझ्यासारखंच, वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहायचं म्हणजे मागे कोण काय बोलतंय, कळायला मार्ग नाही. तशा वर्गातून त्यांनी मुलींना पदवीपर्यंत नेलं, आणि सात जणींना पीएचडीपर्यंत. त्या काळी अमेरिकेत मुलीला गणितात पीएचडी मिळणं म्हणजे काय होतं! बहुतेक मोठ्या विद्यापीठांची दारं बंद होती. मुलींच्या कॉलेजात पीएचडीपर्यंतचं शिक्षण देणारं हे पहिलंच कॉलेज, आणि गणिताचा सगळा भार या एका बाईवर.

त्या सात जणींत एक व्हर्जिनिया रॅग्सडेल. नॉर्थ कॅरोलायनातल्या खेड्यातली. तिने १९०६च्या प्रबंधात वक्रांच्या बंद वेटोळ्यांच्या संख्येबद्दल एक अंदाज मांडला. तो चूक आहे हे दाखवायला गणितज्ञांना सत्तरहून जास्त वर्षं लागली. चुकीचा अंदाजसुद्धा इतका खोल असू शकतो की तीन पिढ्या त्याच्यावर काम करतात. ही गोष्ट तुझ्या मुलींना जरूर सांग.

स्कॉटबाईंचं स्वतःचं गणित काय होतं ते तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू म्हणशील, बाई मोठी का ते सांगितलंच नाहीस. दोन वर्तुळांच्या छेदबिंदूंतून जाणाऱ्या सगळ्या वर्तुळांचं समीकरण तू आम्हाला शिकवायचीस: पहिल्याचं समीकरण अधिक लॅम्डा गुणिले दुसऱ्याचं, बरोबर शून्य. लॅम्डा बदलत जा, नवं नवं वर्तुळ निघतं, पण ते दोन बिंदू सुटत नाहीत. अंगणात खडूने काढून दाखवलं होतंस. आता वर्तुळांच्या जागी कुठलेही अवघड वक्र घे. त्यांच्या सगळ्या छेदबिंदूंतून नीट जाणारा तिसरा वक्र असेल, तर त्याचं समीकरण पहिल्या दोघांना कशाकशाने गुणून, बेरीज करून मांडता येतं. कठीण कुठे होतं? वक्र जिथे स्वतःलाच छेदतो किंवा टोकदार होतो, अशा बिंदूंवर. तिथे ‘नीट जाणारा’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवण्यातच सगळी मेख आहे. हे प्रमेय जर्मनीतल्या माक्स नोएथर यांचं. स्कॉटबाईंनी त्याची भूमितीतून सिद्धता दिली आणि ती १८९९ साली जर्मनीच्या ‘माथेमाटिशे आनालेन’ या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आली. अमेरिकेत बसून केलेल्या संशोधनाकडे युरोपाने मान वळवून बघावं, असं तोवर फार घडत नव्हतं.

आणि माक्स नोएथर कोण? एमीचे वडील. बापाचं प्रमेय जिने इथे बसून नव्याने सिद्ध केलं, तिनेच उभ्या केलेल्या विभागात चौतीस वर्षांनी लेकीला आसरा मिळाला. मी त्या कठड्यावर बसले होते तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन वाचलं, आणि पुन्हा एकदा तिथे जाऊन बसावंसं वाटलं.

त्यांनी १८९४ साली वैश्लेषिक भूमितीचं पुस्तक लिहिलं. बिंदू आणि रेषा दोघांना सारखा मान देऊन केलेली मांडणी आहे त्यात. बिंदूला निर्देशक असतात तसे रेषेलाही. तीस वर्षांनी ते पुन्हा छापलं गेलं. न्यूयॉर्कच्या गणित मंडळाच्या त्या पहिल्या महिला सभासद, १८९१ साली. पुढे तेच अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी झालं, तेव्हा पहिल्या कार्यकारिणीत बाई एकच, याच. १९०६ साली उपाध्यक्ष. त्यानंतर त्या पदावर दुसरी बाई यायला १९७०चं दशक उजाडलं. १९००ला पॅरिसच्या गणित परिषदेला जाऊन आल्या आणि तिचा सविस्तर वृत्तांत लिहिला. त्यात थोर थोर गणिती व्याख्यान वाचताना श्रोत्यांचा विचारच करत नाहीत, यावर सरळ बोट ठेवलंय. जिला ऐकू येत नव्हतं तिने हे लिहावं! शिकवणं किती गांभीर्याने घ्यायच्या, ते एवढ्यावरून कळतं.

पण मला सगळ्यांत आवडलं ते वेगळंच. मुली आहेत म्हणून सोपं करा, हे त्यांना खपत नसे. कॉलेजच्या कर्त्या-सवरत्या कॅरी थॉमस, स्वतः मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या. त्यांना स्कॉटबाईंनी एकदा खरमरीत पत्र लिहिलं. मुलींना झेपावं म्हणून विद्येत पाणी घालायचं, मुलींच्या कॉलेजची पातळी मुलग्यांपेक्षा खाली ठेवायची, असं तुम्ही म्हणता याचं मला फार वाईट वाटतं, असा त्याचा भावार्थ. पुढे असंही लिहिलं की मदत करणाऱ्या पुरुषांच्याही मनात आत कुठेतरी ‘करू दे बिचारींना’ असं असतंच, तुमच्याकडून ते अपेक्षित नव्हतं. वाचताना तुझाच आवाज ऐकू आला मला. ‘मुलींना मार्कांपुरतं शिकवा’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना तू काय उत्तर दिलं होतंस, ते सगळ्या वाड्याने ऐकलं होतं.

कॉलेजात येणाऱ्या मुलींची तयारी कच्ची असायची, कारण प्रत्येक कॉलेजची प्रवेश परीक्षा वेगळी आणि शाळांना कशाचा धरबंध नाही. म्हणून सगळ्या कॉलेजांसाठी एकच प्रवेश परीक्षा घेणारं मंडळ उभं करण्यात त्यांनी हात घातला आणि १९०२-०३मध्ये गणिताच्या मुख्य परीक्षक झाल्या. शाळेसाठी शांकवांचं पाठ्यपुस्तक लिहिलं. नुसतं ‘मुलींना शिकू द्या’ म्हणून थांबल्या नाहीत. कुठे अडतंय ते बघितलं आणि तिथे हात घातला. आपले अण्णासाहेब कर्वे असेच ना? फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता मुलींचं विद्यापीठ काढणारे. गणित शिकवणाऱ्या माणसांना बहुतेक अर्ध्यावर सोडवत नाही.

१९०६ साली त्यांना संधिवाताने गाठलं. कान गेलेले, आता बोटंही आखडली. संशोधन मंदावलं. डॉक्टरांनी सांगितलं, उघड्या हवेत काहीतरी करा. तर त्यांनी बाग करायला घेतली, आणि काय लावलं असेल? शेवंती! नुसती लावली नाही, शेवंतीचा एक नवा वाण तयार केला. इथे या महिन्यात घरोघरी पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, शेजारी भोपळे. पिवळी, तांबूस, जांभळट. काल स्टेशनवरून परत येताना प्रत्येक दारापुढे मी थांबत होते. तुझ्या विहिरीकडेची पांढरी शेवंती यंदा आली का गं? दादाला विचारलं तर त्याला शेवंती आणि झेंडू यातला फरक कळेना.

तरीही शिकवणं चालू होतंच. १९२२ साली शिष्या आणि गणितज्ञ त्यांच्या गौरवासाठी ब्रिन मॉरला जमले. इंग्रज गणिती आणि तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड तेवढ्यासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून आले आणि म्हणाले की मुत्सद्द्यांच्या कितीतरी खटपटींपेक्षा या बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचं मोल जगाला जास्त आहे. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. पण शेवटच्या विद्यार्थिनीचा प्रबंध व्हायचा राहिला होता, म्हणून आणखी एक वर्ष थांबल्या. तिला पदवी मिळाली आणि मग सामान बांधून केंब्रिजला परत गेल्या. ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नाही त्याच गावात. १० नोव्हेंबर १९३१ला तिथेच वारल्या.

आत्या, त्या शेवटच्या वर्षाशी मी अडकले आहे. ऐकू येत नाही, हात दुखतात, निवृत्तीही झाली आहे. निघाल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. तू बंद केलंस तर तुलाही कुणी नाव ठेवणार नाही. बेचाळीस वर्षं शिकवलंयस, शाळेत एकतीस आणि पडवीत अकरा, आणि पडवीत एक रुपया घेतला नाहीस. दम खा म्हणणारी मीच पहिली असेन. पण दमलीस म्हणून नाही, हसतील म्हणून बंद करते आहेस, आणि ते मला सहन होत नाही.

आणि त्या मुली तुला हसल्या नाहीत. दादाकडून मी खोदून खोदून काढलं. वहिनीने तुझ्या शिकवणीतल्या सायलीलाच विचारलं होतं. मागची एक ‘कर्ण’ विचारत होती आणि तू ‘वर्ण’ समजून सांगत होतीस, त्यावर हसल्या. नंतर तू आत गेलीस तेव्हा रडकुंडीला आल्या आणि अर्धा तास पायरीवरच बसून होत्या. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण तुला मोठ्याने सांगायचं तर सगळ्या आळीला ऐकू गेलं असतं.

एवढं करून बघ. प्रत्येकीच्या हातात पाटी दे. प्रश्न तोंडाने विचारायचाच नाही, पाटीवर लिहून वर धरायचा. प्रश्न लिहिताना निम्म्या जणींना त्याचं उत्तर आपलं आपणच सापडेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फळा पडवीच्या भिंतीवरून काढून बाजूला, खांबापाशी लावायला दादाला सांगितलंय, म्हणजे लिहिताना तुझी पाठ होणार नाही, सगळ्यांचे चेहरे दिसतील. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून तू कपाटात ठेवलंयस, ते साताऱ्याला नेऊन परत बसवून घ्यायचं आहे. तो साचा कानाला सैल झाला की तसं होतं, इथल्या एका बाईंनी मला सांगितलं. पंधरा तारखेला दादा रजा काढणार आहे. नाही म्हणू नकोस.

पाट्यांचे पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत. बारा पाट्या सांगितल्यात, दोन जास्तीच्या. पत्र दिवाळीआधी पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

आणि सायलीसाठी एक गणित पाठवते, तुझंच आहे. तीन वर्तुळं, प्रत्येक दोन एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात. तिन्ही सामाईक जीवा वाढवल्या तर त्या एकसंपाती आहेत, म्हणजे एकाच बिंदूतून जातात, हे सिद्ध कर. (जीवा समांतर येतात ती वेळ सोडून.) मला तू हे नववीत घातलं होतंस आणि चार दिवस उत्तर सांगितलं नव्हतंस. तिलाही सांगू नकोस. तिने काढलं की तिच्याच अक्षरातला कागद पाकिटात घालून पाठव, फोटो नको.

वहिनीला आणि दादाला नमस्कार. शेवंतीचं काय ते तूच लिही.

तुझी,
सुमी